बायोडाट्यावरचा गणपती

आठ वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी पहिला अर्ज केला, तेव्हा घरात नमुना एकच होता: ताईच्या लग्नाचा बायोडाटा. तसाच उतरवला. वर गणपती, खाली उंची, रंग, मामाचं कूळ. मुलाखत घेणाऱ्या सत्यजीत सरांनी तो अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवला. “पोरगी पसंत आहे का बघा रे,” म्हणाले. नोकरी मिळाली नाही. तो कागद मी परत घेऊन जपला आणि कामोठ्यात कम्प्युटरचा क्लास लावला. आता पनवेलच्या गोदामात ऑफिसची भरती मीच करते. नोकरी गेलेले सत्यजीत सर परवा मुलाखतीला आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी तोच कागद पुढे सरकवला. “यावरून नोकरीचा बायोडाटा टाइप करा.” गणपती दिसताच त्यांनी कागदावरचं नाव वाचून माझ्याकडे पाहिलं. तरी अर्ध्या तासात सुरेख प्रिंट दिली. मी मुद्दाम गावच्या बोलीत म्हणाले, “काम पसंत हाय, सर. तुमी नाय.”