लाजाळूची फांदी

कांदेपोहे झाले आणि रिवाजाप्रमाणे लाजाळूची कुंडी नवरदेवापुढे आली. आपल्यादेखत मारणारा हात लक्षात ठेवून, तो पुन्हा जवळ येताच पानं मिटणारी ही नवी जात आता घरोघरी होती. निळकंठ मात्र निर्धास्त होता. बायको वारली त्याच आठवड्यात त्याने त्याचा हात ओळखणारं घरातलं एकमेव रोप जाळून टाकलं होतं.

त्याने बोट पुढे केलं. ते टेकायच्या आतच सगळी पानं मिटली.

मुलीचे वडील ताडकन उठले.

“हे रोप... कुठलं?” निळकंठ चाचरला.

स्वयंपाकघरातून त्याची पहिली सासू बाहेर आली. “तुमच्याच घरचं, जावईबापू. शेवटच्या माहेरपणाला माझ्या रेवूने त्याची फांदी आणली होती. फांदीसुद्धा हात विसरत नाही. तालुक्यात लग्नाची मुलगी असलेल्या प्रत्येक घरात मी ती लावून आलेय.”