लाल दोऱ्याचं पाखरू

"एवढं मोठं नको. मुठीत मावेल असं दाखवा," ती म्हणाली आणि तिने पुन्हा एकदा दाराकडे वळून बघितलं.

दाराजवळ तिचा नवरा आणि लेक बाहुल्यांच्या मांडणीपुढे उभे होते. लेकीला नुकतंच बारावं लागलं होतं. आपल्या जन्मदेशातून घरी काय काय न्यायचं याची यादी तिने स्वतःच केली होती: एक बाहुली, एक मुखवटा, भिंतीवर लावायला विणलेलं कापड आणि मैत्रिणींसाठी 'खरं इथलं' काहीतरी. बाप हाताला लागेल ती वस्तू कानाशी नेऊन वाजवून बघत होता, मग ती डफ असो की टोपी.

"ठमाबाई, ही बाहुली अगदी तुझ्यासारखी. नाकावर राग बघ केवढा!"

"बाबा, लोक बघताहेत!"

दहा महिन्यांचं ते गोल गरगरीत मूल पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा बापाने ठेवलेलं हे नाव. ते अजून सुटलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला, गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांच्या आड, ती म्हाताऱ्या दुकानदारापुढे उभी होती. साडेतीन वाजले होते. चारला दोन गल्ल्या पलीकडच्या बालगृहात तिथल्या प्रमुख, मोठ्या बाई, वाट बघणार होत्या.

"लाकडी पाखरू, एवढंसं. मानेला लाल दोरा असतो बघा, तसलं."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. परदेशी गिऱ्हाइकांच्या संगतीत तो चार भाषा शिकला होता आणि तिची त्यातलीच एक होती. "फिरायला आलेले लोक मोठी नेतात," तो तिला निरखत म्हणाला. "लहान सहसा कुणी मागत नाही."

"बॅगेत जागा नाही हो, काका."

चोराच्या मनात चांदणं.

दहा वर्षांपूर्वी नवरा बाहेरच्या खोलीत सह्या करत होता, तेव्हा मोठ्या बाईंनी दार लोटून तिच्या तळव्यावर एक पाखरू ठेवलं होतं. "हिची आई एवढंच मागे ठेवून गेली. बारावं लागलं की हिला द्या." पाखराच्या शेपटीचं डावं टोक मोडलेलं होतं, मानेचा दोरा पार विटलेला. किती हात लागले असतील त्याला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

विमानतळावर मूल रडायला लागलं ते थांबेचना. बाटली झाली, खुळखुळा झाला, अंगाई झाली. शेवटी त्याने तिच्या पर्समध्ये हात घालून ते पाखरू मुठीत धरलं आणि एकदम गप्प झालं. ते तिला फार लागलं. कडेवर घेणारी आपण, आणि गप्प करणारी ती दुसरीच! तिने ती चिमुकली मूठ एकेक बोट सोडवत उघडली आणि पाखरू कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. दर वाढदिवसाला औक्षण करताना मात्र तो डबा तिला आठवायचा. गेल्या महिन्यात मोठ्या बाईंचं पत्र आलं, ते नशिबाने तिच्याच हाती पडलं: 'पोरीला घेऊन जरूर या. पाखरू आणायला विसरू नका. त्याची गोष्ट मीच तिला सांगेन.'

दुकानदाराने हवं तेवढं पाखरू काढून दिलं. कोरं करकरीत. दोरा असा लालभडक की बघवेना. तो सुतळी आणायला वळला तशी तिने सतरंजीवरची धूळ दोऱ्याला चोळली.

"आई, काय घेतलंस?" लेक मागेच येऊन उभी होती.

"काही नाही गं. नुसतं बघतेय." पाखरू ओढणीखाली गेलं.

"मोठ्या बाईंना मी आठवत असेन?"

"न आठवायला काय झालं? रडून रडून छप्पर उडवलं होतंस."

लेक हसली नाही. सतरंजीचे दोरे ओढत म्हणाली, "मला त्यांना एकच विचारायचंय. त्या आईने माझ्यासाठी काही ठेवलं होतं का." मग घाईघाईने, "नसलं तरी चालेल हां. मी आपलं सहज विचारणारेय."

पोरीला जवळ ओढून सगळं सांगून टाकावं असं तिला मनापासून वाटलं, पण तिने ओढणीखालचं पाखरू आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात बापाने मुखवटा चढवून डरकाळी फोडली आणि लेक तिकडे पळाली.

पावणेचार. तिने पाखरू ओढणीखालून काढलं, शेपटीच्या डाव्या टोकाला अंगठे लावले आणि जोर केला. लाकूड चिवट निघालं. मग तिने दात लावले.

"अहो, अहो!" दुकानदाराने तिचं मनगट धरलं.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काका, हळू बोला. मी पैसे देते याचे. फक्त हे एवढं टोक..."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्या शेपटीकडे, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बालगृहातून आलात होय? मग आधी नाही का सांगायचं!" त्याने कपाटाखालून पुठ्ठ्याचं एक खोकं ओढून तिच्यापुढे उघडलं. ते मुठीएवढ्या पाखरांनी काठोकाठ भरलेलं होतं. "मोठ्या बाईंचा माल तयारच असतो माझ्याकडे. दोरे चहात बुडवून वाळवलेत, शेपट्याही मोडून ठेवल्यात. या खेपेला किती मुलं आलीत?"