कुंपणातली गाय

"चौथ्यांदा!" इल्वा दारातूनच कडाडली. "आजी, तुमची मायरूस चौथ्यांदा माझ्या कुंपणात शिरली!"

गुनबोर्ग आजी शांतपणे कॉफी ओतत होत्या. "गाय आहे ती, पोरी. तिला पाटी वाचता येत नाही."

"तार बरी तोडता येते!"

"शिंगं मारली असतील."

"शिंगं? भुंडी आहे ती!"

आजींनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. इल्वा तणतणतच खुर्चीत बसली. स्वीडनमधल्या ओलांड बेटावरचं ते कुरण ऑर्किडच्या फुलांसाठी राखीव झालं, गुरांना बंदी आली आणि राखणीला इल्वा आली. तेव्हापासून दर जूनमध्ये ती गुडघ्यांवर रांगत फुलं मोजायची. चरायला कुणी नाही म्हटल्यावर गवत कमरेएवढं माजलं आणि त्याखाली फुलं गुदमरली. चाळिसाची चार झाली. गेल्या साली मायरूस चरून गेली होती त्या उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र यंदा एकोणतीस फुलली. गुरांना चरू द्या, असं इल्वाने तीनदा कचेरीला कळवलं. तिन्हीदा एकच उत्तर आलं: कुंपण दुरुस्त करा.

तिने पिशवीतून पक्कड काढून टेबलावर आदळली. "ही घ्या. तुमची गाय तारेपाशी विसरून गेली होती."

आजींचा हात बशीवरच थबकला.

"आणि सांगा तिला," कॉफीचा कप पुढ्यात ओढत इल्वा म्हणाली, "दरवेळी मेली उत्तरेकडूनच काय शिरते? दक्षिणेची तार काय मी तोडायची?"