बेचाळीस फोटो

पडद्यावरची निळी पट्टी सरकत आली आणि चौथ्यांदा त्याच ठिकाणी थांबली. वर इंग्रजीत चौकट उमटली. मेमरी पुरत नाही.

राजारामने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. विश्रामबागेतल्या त्या स्टुडिओत कॉम्प्युटर येऊन सहा महिने झाले होते. लग्नाच्या कॅसेटी आता त्याच्यावरच जोडायच्या असं मालकाने ठरवलं, आणि पुस्तक वाचून वाचून राजाराम ते काम शिकला. तरी मशीन अडलं की पहिला संशय त्याला स्वतःचाच यायचा. सकाळपासून त्याने ते दोनदा बंद करून चालू केलं होतं. बाकीचे प्रोग्राम मिटवले होते. हार्ड डिस्कवरची मोकळी जागा मेमरीला उसनी दिली होती. पण पट्टी कन्यादानापाशी आली की अडायचीच.

"बघ," मागच्या खुर्चीवरून हंबीरराव म्हणाले. "मशीनबी न्हाईच म्हनतंय. कापून टाक तेवढं."

"कापायचं न्हाई," शेजारच्या बाकावरून साळूबाई म्हणाली. ती त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. लग्न तिच्या मुलीचं होतं.

"अगं, कॅसेट वाईला जानार. व्याही बघनार, त्यांची भावकी बघनार. चुलता-चुलती जित्ती असताना विधवा बाई कन्यादानाला बसली, हे काय दाखवायचं?"

"व्याही समोरच हुतं की भावजी. डोळ्यांनी बघितलं त्येंनी."

"मांडवातलं चार म्हैन्यांत इसरतंय मानूस. कॅसेट राहती." हंबीररावांनी खुर्ची पुढे ओढली. "राजाराम, तू सांग हिला. म्हनावं, कॉम्प्युटरनं खाल्लं. तुजंबी वजं उतरंल."

ते खरं होतं. स्टुडिओत ती इंग्रजी चौकट वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. खाल्लं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"खाल्लं नाही, आबा," तो हळूच म्हणाला. "मशीन कन्यादान नको म्हणत नाही. तिथवर येईस्तोवर त्याच्याकडं जागाच उरत नाही."

"कुठं जाती जागा?" साळूबाईने विचारलं.

त्याने पट्टी मागे नेली. कन्यादानाच्या आधी सत्काराचा भाग होता. हंबीररावांनी पिशवी भरून फोटो आणून दिले होते. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, सरपंच, माजी सरपंच, आणि शेवटी ते स्वतः. प्रत्येकाला सोनेरी चौकट, खाली नाव, आणि वहीचं पान उलटावं तसा एकामागून एक फोटो उलटायचा.

"ह्या फोटोंत जाते, वहिनी. प्रत्येक फोटो मशीनला सगळाच्या सगळा उचलून धरावा लागतो. बेचाळीस उचलले की हात मोकळा राहत नाही."

"मग खाली ठिव म्हनावं त्यास्नी."

हंबीरराव उठलेच. "शुद्धीवर हायस का? मानाची मानसं हायत ती."

"फोटो जरा बारीक केले तर जमेल कदाचित," राजाराम घाईने म्हणाला.

"कारखान्याचं संचालक पोस्टाच्या तिकिटायेवढं करतोस व्हय रं?"

साळूबाईने पदर खांद्यावरून पुढे घेतला. "मांडवात फेटं बांधलं न्हवं त्येंना? ते शूटिंगमदी हाय का?"

"आहे. सगळ्यांचं आहे."

"मग दोन दोनदा कशापायी? मी तर येकदाच बसले पाटावर. काढ ते फोटू, राजारामभाऊ."

"हात लावून बघ!" हंबीररावांचा आवाज चढला. "तुजा मालक माज्या शब्दाभाईर न्हाई. उद्यापासनं घरी बसशील."

बसवलं असतं त्यांनी. राजारामला ते ठाऊक होतं. त्याने बेचाळीस फोटोंवरून माऊस फिरवला. ते सगळे निळे झाले. मशीनने चौकट काढून विचारलं, नक्की काढायचे?

नक्की असं राजारामला आयुष्यात फारसं काही वाटलं नव्हतं. त्याने बटण दाबलं.

पट्टी पुन्हा सुरुवातीपासून निघाली. फेटे झाले, अक्षता झाल्या. अडायची जागा आली. पट्टी किंचित थबकली, मग पुढे सरकली.

पडद्यावर परात दिसली. नवरानवरीचे एकावर एक हात. बाजूला पाटावर साळूबाई, हातात तांब्या. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले, इकडेतिकडे पाहू लागले. मांडवात कुजबुज झाली. साळूबाईने मान वर केली नाही. तिने तांब्या कलता केला. पाण्याची धार पडली, आणि थोड्या वेळाने भटजींचा आवाज पुन्हा सुरू झाला.

हंबीररावांनी फोटोंची पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. तिथे उभे राहिले.

"राजाराम," ते म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "माजा फोटू तेवढा ठिव. मी घरचाच हाय."

राजारामने साळूबाईकडे पाहिलं. तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुमी हायसा की, भावजी," ती म्हणाली. "या, बघा. माज्या मागं हुबं हायसा."