बांधावरची चाळीस ठोंबं

गवताची चाळीसही ठोंबं एकाच रोपाची निघाली होती. प्रयोगशाळेचा हा निरोप धनश्रीला कापूरहोळला एसटी बदलताना मोबाईलवर मिळाला. आता ती भोरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर त्याच गवतासमोर उभी होती आणि तिचं डोकं चालत नव्हतं. सहा वाजता मार्गदर्शक सरांना फोन करायचा होता. तोवर उलगडा झाला नाही, तर तीन वर्षांचं संशोधन बंद.

दोन जातींच्या रानगवतांचा संकर होऊन हे तिसरं गवत जन्मलं होतं. असल्या संकराची गत खेचराची. अंगापिंडानं दणकट, पण वंश पुढे नाही. आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कणसं फोल राहतात. क्वचित एखाद्या फुटव्यात मात्र गुणसूत्रांचा सगळा संचच दुप्पट होतो. मग प्रत्येकाला जोडीदार मिळतो, बी भरतं आणि गवताची एक नवी जात सुरू होते. बांधालगत चाळीस ठोंबं पाहून धनश्रीनं ताडलं होतं, की इथे तसंच घडलंय. बी पडलं आणि पावसाच्या पाण्यानं ते ओळीनं नेऊन लावलं. पाणी इतक्या शिस्तीचं कधीपासून झालं, हे तिला सुचलं नाही. जास्त शिकलं की होतं असं कधीकधी.

निरोप उलटंच सांगत होता. संच दुप्पट झालेलाच नव्हता. म्हणजे बी नाही. मग हे वांझ गवत चाळीस जागी पोचलं कसं?

म्हशी-शेरडं पाळणाऱ्या आक्काबाई शेजारीच बांध निंदत होत्या. तीन वर्षं त्यांनी धनश्रीला चहा पाजला, पण गवताचा विषय निघाला की त्या शेरडांमागे निघून जायच्या.

धनश्री मटकन खाली बसली. "आजी, उद्यापासून मी यायची नाही. संपलं माझं काम."

"सरकारनं काढलं व्हय कामावरनं?"

"सरकारचा काय संबंध? मी कॉलेजातली."

आक्काबाईंचं खुरपं थांबलं. "म्हंजी तुमी फारेष्टच्या न्हाई?"

"नाही."

"आगं बाई. तीन वरसं म्या जीव मुठीत धरून बसले. बांध आमचा हातभर फारेष्टात सरकलाय. माती व्हावून जाती, म्हून दर आषाढात ठोंब फोडून म्याच लावती ह्ये गवात. म्हसरं त्वांड लावत न्हाईत, बांध टिकतो."

उलगडा झाला होता आणि त्यातच सगळं संपलं होतं. जिला ती निसर्गाची करणी समजत होती, ती आक्काबाईंच्या हातची लावणी होती. धनश्रीला रडू आलं. ते तिनं लपवलंही नाही.

सहाला पाच कमी होते. रेंज बांधाच्या टोकालाच यायची, म्हणून ती मोबाईल घेऊन तिकडे चालली. आक्काबाईंच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, त्यामुळे खुरपंही झपझप चालत होतं. ओळीपासून चार हात खाली, दगडांच्या बेचक्यात, बोटभर उंचीचं एक रोप होतं. त्यांनी त्याच्या बुडाशी खुरपं घातलं.

जाता जाता धनश्रीची नजर त्या रोपाच्या पात्यावर गेली. ओळीतल्या ठोंबांचीच जांभळी कड, तीच लव. तिनं झेप घेऊन आक्काबाईंचं मनगट धरलं. मग गुडघ्यांवर बसून बोटानं माती सारली. मुळाशी बियाचं टरफल अजून चिकटलेलं होतं.

"आजी," टरफलावर बोट ठेवत तिनं विचारलं, "हे कधी लावलंत?"

आक्काबाईंनी वाकून पाहिलं.

"ह्ये व्हय? ह्ये म्या न्हाई लावलं, पोरी. आपलं आपणच आलंय."