चिमटा लावलेला पुडा

सुनेचं हे वागणं सासूबाईंना पटत नव्हतं. कमावता मुलगा जाऊन महिना झाला, तरी त्यानं कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेल्या बिस्किटांच्या अर्ध्या पुड्याला सून कुणाला हात लावू देईना, स्वतःही धड जेवेना. आज नातीचा वाढदिवस, आणि घरात उरलं काय, तर वाटीभर मैदा, बरणीच्या तळाला चिकटलेली साखर, नासायला टेकलेलं दूध. सासूबाईंनी चिमटा काढला, बिस्किटं कुटली, जरासा सोडा घालून सगळं फेटलं. डोळ्यांत टिपूस नव्हता. शिट्टी काढलेल्या कुकरात मीठ पसरून केक भाजला. फुगला मात्र झकास. नातीनं दोन तुकडे फस्त केले. सून रिकामा चिमटा हातात धरून नुसती बसली. “आई, हा त्यांनी लावला होता.” सासूबाईंनी तिच्यापुढं बशी सरकवली. “अर्धवट टाकून उठायची खोड त्याची होती. ती तू उचलू नकोस. खा.”