बोलती बंद

मेंदू आणि मन यांचा अभ्यास एकत्र शिकवणाऱ्या लांबच्या कॉलेजात अण्णांच्या नातीला प्रवेश मिळाला आणि घरात रणकंदन माजलं.

"एवढे मेंदूचे डॉक्टर झाले, अण्णांच्या तोंडून एक शब्द तरी काढता आला का कुणाला?" बाबा कडाडले.

काकांनी री ओढली, "घराजवळ कॉलेज आहे ना! मुकाट्याने अकाउंट्स घे."

पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. "हळू बोला, ते ऐकतायत," आई म्हणाली.

"त्यांना काय कळतंय? भिंतीला सांगितल्यासारखंच ते!" काका म्हणाले.

नातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार, तोच खुर्चीतून खणखणीत आवाज आला.

"गाढवांनो!"

दोघे भाऊ जागच्या जागी थिजले. बाबांना हुंदका आवरेना. "अण्णा बोलले! अगं, पण साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्यांना, मग हे कसं आलं?"

नातीने संतापाने डोळे पुसले.



"शिव्यांची वाट मेंदूत वेगळी असते म्हणे, बाबा. बाकीचे शब्द कुठे अडकलेत, तेच शोधायला मी चाललेय."